नोकरीत दिव्यांग म्हणून डावललं जातंय? खेड्यातून दाद मागण्याची वाट

खेड्यात दिव्यांग माणसाला नोकरी लागली की घरचे आणि गावचे एकच सल्ला देतात: "लागली ना बाप्पा, आता गुमान कर." म्हणून कुबडी घेऊन चालणारी शिक्षिका वरच्या मजल्यावरचा वर्ग रोज चढते-उतरते आणि तळमजल्याचा वर्ग मागत नाही. जिनिंगच्या वजनकाट्यावर बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या पोराला फोनवरून सांगितलेलं कळत नाही, त्याची बोलणी तो मुकाट खातो. सिकलसेलचा पेशंट असलेला चौकीदार डिसेंबरच्या थंडीत रात्रपाळी करतो, दुखणं उचललं की दवाखान्यात पडतो आणि वर खाडे लागतात. मागणं म्हणजे उपकारावर उपकार मागणं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

कायद्याच्या लेखी यात उपकाराचा प्रश्नच येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. १९९५ चा जुना कायदा गेला आणि त्याच्या जागी हा आला. यातली सगळ्यात कामाची गोष्ट भेदभावाच्या व्याख्येत आहे. दिव्यांग माणसाला वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच आहे, असं कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. साहेबांनी शिवी दिली पाहिजे, कामावरून काढलं पाहिजे, तेव्हाच अन्याय झाला असं धरायचं कारण नाही. जमण्यासारखी सोय मागितली आणि ती दिली नाही, तरी कायदा मोडला. पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे, म्हणून ते नीट लक्षात ठेवा.

पहिली पायरी: आपण या कायद्यात बसतो का?

कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. हातापायाचं अपंगत्व, अंधत्व, अल्पदृष्टी, बहिरेपण हे सगळ्यांना ठाऊक असतात. पण याच यादीत मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगत्व, वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि कुष्ठमुक्त व्यक्ती हेही आहेत. विदर्भाच्या दृष्टीने शेवटचे दोन फार महत्त्वाचे, आणि नेमके तेच आपल्याकडे दिव्यांगत्व म्हणून मोजले जात नाहीत.

सिकलसेल आधी घेऊ. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. तपासणीत 'एएस' आलं तर तुम्ही वाहक आहात. ते दिव्यांगत्वात धरत नाहीत. 'एसएस' आलं तर तो आजार, आणि तो कायद्याच्या यादीत आहे. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे कामावर "याला काय धाड भरली" हे ऐकावं लागतं. हाडं फुटतील अशा वेदना उठतात तेव्हा त्या दिसत नाहीत, म्हणून कोणी मानत नाही. अशा माणसाला कागदाचा आधार इतरांपेक्षा जास्त लागतो.

आता कुष्ठमुक्त माणूस. औषधोपचार पूर्ण झाल्यावर त्याच्यापासून कोणालाही लागण होत नाही. राहतो तो हातापायाचा बधिरपणा, वाकडी झालेली बोटं आणि लोकांची नजर. "याच्या हातचं पाणी नको" म्हणून शिपायाचं काम काढून घेणं हा सरळ भेदभाव आहे. आणि अशा हातांनी काम होत नाही, हे तर विदर्भात कोणी सांगूच नये. बाबा आमटेंनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनात, आपल्या वरोऱ्यात, असे हात शेती आणि हातमाग चालवत आले आहेत.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. "चाळीस टक्के नाही ना, मग तुम्हाला काही मिळत नाही," असं कार्यालयातले लोक सर्रास सांगतात. चाळीस टक्क्यांची अट लक्षणीय दिव्यांगत्वाला आहे, म्हणजे मुख्यतः आरक्षण आणि काही योजनांना. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांना ती अट नाही. दीर्घकाळ टिकणारी कमतरता आणि तिच्यामुळे इतरांच्या बरोबरीने वावरताना येणारा अडथळा, एवढं असलं की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात २०२१ साली हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला चाळीस टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो द्यायला लावला. सोय माणसागणिक वेगळी असते, ती त्या माणसाची अडचण पाहूनच ठरवायची, हेही त्याच निकालात आहे. २५ टक्क्यांचा दाखला हातात घेऊन हिरमुसून परत जाणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

दुसरी पायरी: दाखला आणि कार्ड

यावर फार लिहीत नाही, कारण गावात याची माहिती बऱ्यापैकी असते. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज भरायचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रात भरून देतात. मग जिल्हा सामान्य रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी. जाण्याआधी वार विचारून घ्या, नाहीतर एटापल्लीहून गडचिरोलीची खेप फुकट जाते. जुन्या उपचारांचे कागद, सिकलसेल असेल तर तपासणीचा अहवाल आणि दवाखान्यात भरती झाल्याची डिस्चार्ज कार्डं सोबत ठेवा. टक्केवारी पटली नाही तर कलम ५९ खाली अपील करता येतं.

कार्ड यायला वेळ लागला म्हणून सोय मागायची थांबू नका. अर्ज केल्याची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मागणी करता येते.

तिसरी पायरी: आपला मालक कोण, हे नीट ओळखा

हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि इथे चुकलं की अर्ज भलत्याच टेबलावर फिरत राहतो.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, तहसील, एसटी महामंडळ, सरकारी दवाखाना ही सगळी सरकारी आस्थापना. पण कायद्याच्या व्याख्येत सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्याच नव्हे, तर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही सरकारी आस्थापनाच धरल्या आहेत. म्हणजे संस्थाचालकांची, पण अनुदानित असलेली शाळा किंवा कॉलेज त्यात आलं. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात अशा शाळा आहेत आणि "आमची संस्था खासगी आहे, सरकारचे नियम आम्हाला नाहीत" हे उत्तर तिथे हमखास ऐकायला मिळतं. ते मान्य करू नका.

वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका याही सरकारी आस्थापना, पण केंद्राच्या. त्यांची तक्रार राज्याच्या आयुक्तांकडे न जाता दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जाते.

जिनिंग, राइस मिल, एमआयडीसीतले कारखाने, पतसंस्था, विनाअनुदानित शाळा, खासगी दवाखाने, मायक्रोफायनान्स कंपन्या या खासगी आस्थापना. कंपनी, फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना हे सगळे कायद्याच्या व्याख्येत आहेत. ग्रामीण रुग्णालयात काम करता पण पगार एजन्सी देते, असं असेल तर अर्ज दोघांनाही द्या, एजन्सीलाही आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांनाही. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, ही कंत्राटी नोकरीतली नेहमीची वाट आहे. ती पहिल्याच दिवशी बंद करायची.

सरकारी आणि खासगी यांत फरक आहे, तो लपवून उपयोग नाही. नोकरीतल्या भेदभावाचं मुख्य कलम २० हे सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी मालकाला लागू होतं ते कलम ३, म्हणजे दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्याला मनाई, आणि कलम २१, म्हणजे समान संधी धोरण. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेने सविस्तर धोरण लिहून ठेवायचं असतं. दिव्यांगांना कोणत्या सोयी मिळतील, कोणती कामं त्यांना देता येतील, प्रशिक्षण, बढती, बदली, रजा यांत त्यांचा विचार कसा होईल, हे सगळं त्यात यायला हवं. ते वेबसाइटवर किंवा सर्वांना दिसेल अशा जागी लावायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. तालुक्याच्या गावात हे धोरण भिंतीवर लावलेलं क्वचितच दिसतं. पण ते नसणं हीच तुमच्या तक्रारीतली पहिली ओळ होऊ शकते.

दुसऱ्याच्या वावरात रोजीने जाणारा, वीटभट्टीवर किंवा तेंदूपत्त्यावर राबणारा माणूस मात्र या रचनेत नीट बसत नाही. अर्धी रोजी त्यालाच मिळते, आणि धोरण, अधिकारी, रजिस्टर यातलं त्याच्या वाट्याला काही येत नाही. कायद्यातली ही मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या कामाचं एक कलम आहे, ते पुढे सांगतो.

चौथी पायरी: नेमकं काय हवं ते ठरवा

"मला सोय द्या" असा अर्ज निकामी असतो. साहेबालाही कळत नाही आणि आयुक्तांनाही. सोय म्हणजे कामाची जागा, वेळ, साधन किंवा पद्धत यांत केलेला असा बदल की त्याने तुम्ही तेच काम इतरांसारखं करू शकाल. कायद्याने एकच मर्यादा घातली आहे: त्या बदलाचा मालकावर अवाजवी बोजा पडता कामा नये.

बऱ्याच सोयींना पैसा लागतच नाही. कुबडीवरच्या शिक्षिकेला तळमजल्याचा वर्ग दिला तर वेळापत्रकात एक बदल होतो, बास. कमी ऐकू येणाऱ्या काट्यावरच्या माणसाला गाडी नंबर आणि भाव फोनवर सांगण्याऐवजी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले की काम झालं. उलट त्यात चुका कमी होतात, मालकाचाच फायदा. अल्पदृष्टी असलेल्या ऑपरेटरला मोठी अक्षरं आणि खिडकीकडे पाठ केलेली खुर्ची. अंध कारकुनाला संगणकावर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि असं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आपल्या हवामानाचाही विचार करा, बाहेरच्या माहितीपत्रकांत तो नसतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर गेला की त्याच्या जिवावर बेततं. पत्र्याच्या शेडखाली दुपारी बसवण्याऐवजी सकाळची पाळी किंवा कूलरजवळची जागा ही त्याची वाजवी सोय. सिकलसेलवाल्याला पाणी कमी पडणं आणि थंडी लागणं, दोन्ही बाधतं. म्हणून पाणी जवळ, मधून पाणी प्यायची आणि लघवीला जायची मुभा, हिवाळ्यात रात्रपाळी नको, आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असेल तर रक्ततपासणीच्या दिवशी सुट्टी. कुष्ठमुक्त कामगाराचे हात बधिर असतात, त्याला चटका कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. त्याला जाड हातमोजे, लाकडी किंवा कापड गुंडाळलेल्या मुठीचं हत्यार, बॉयलरपासून लांबचं काम, आणि सक्तीच्या बुटांऐवजी दवाखान्यातून मिळालेल्या एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला घालायची परवानगी.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना फक्त आजाराचं नाव लिहून आणू नका. "यांना रात्रपाळी देऊ नये", "यांना वजन उचलायला लावू नये", "दर दोन तासांनी विश्रांती आवश्यक" असं कामाच्या भाषेत लिहून मागा. पीएचसीतले डॉक्टर घाईत असतात, पण नीट सांगितलं तर लिहून देतात.

सोयीचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येत नाही. २०१७ च्या नियम ३ मध्ये ते स्पष्ट आहे. "रॅम्प बांधू, पण अर्धे पैसे पगारातून कापू" असं कोणी म्हणालं तर तेवढंच वेगळ्या तक्रारीचं कारण आहे.

पाचवी पायरी: अर्ज आणि पोच

आपल्याकडची प्रकरणं पडतात ती याच ठिकाणी. माणूस दोन-दोन वर्षं साहेबांना तोंडी सांगत असतो. साहेब बदलतात, नवा साहेब म्हणतो "माझ्या कानावर आलंच नाही." तोंडी मागण्याला कायद्याच्या दारात काडीची किंमत नाही, असं समजून चला.

अर्ज साध्या कागदावर, एका पानात बसवा. नमुना असा:

प्रति,
मा. व्यवस्थापक, (आस्थापनेचं नाव व पत्ता)

विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार वाजवी सोय मिळण्याबाबत.

महोदय,
मी आपल्याकडे सुरक्षारक्षक या पदावर कामास आहे. मला सिकलसेल आजार (एसएस) आहे. तो वरील अधिनियमाच्या अनुसूचीत समाविष्ट आहे. थंडीत रात्रपाळी केल्याने मला वेदनेचे झटके येतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांची चिठ्ठी व ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तरी मला नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसपाळी द्यावी, कामाच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करावी आणि आजारामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागल्यास ते दिवस गैरहजेरीत धरू नयेत, ही विनंती. मागणी मान्य करणे शक्य नसल्यास त्याची कारणे मला लेखी कळवावीत.

आपला, (नाव, सही, तारीख)

शेवटची ओळ गाळू नका. भेदभावाची तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने एकतर कारवाई करायची, नाहीतर आपलं वागणं कसं रास्त आणि गरजेपुरतं होतं ते तक्रारदाराला लेखी सांगायचं, असं त्याच नियम ३ मध्ये आहे. लेखी कारण द्यायचं म्हटलं की निम्मे साहेब नरमतात, कारण "मला पटत नाही" हे कागदावर लिहिता येत नाही.

आता पोच. दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावरचा बाबू म्हणेल, "ठेवून जा, साहेब आले की सांगतो." तुम्ही म्हणा, "भाऊ, आवक नंबर टाकून द्या, मी थांबतो." दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असे तिन्ही घ्या. नुसती सही नको, सही कोणाची हे नंतर कोणी सांगत नाही. घ्यायलाच तयार नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. आजाराचा बोभाटा व्हायला नको असेल तर पाकिटावर "गोपनीय" लिहून थेट प्रमुखाच्या नावाने द्या. कुष्ठ किंवा मानसिक आजाराच्या बाबतीत मी हेच सुचवेन. चहाच्या टपरीवर चर्चा व्हायला आपल्याकडे एक दुपार पुरते.

घरी एक फाइल करा. अर्ज, पोच, हजेरीचे फोटो, पगारपत्रकं, व्हॉट्सॲपवरचे हुकूम यांची छापील प्रत. कोण, कधी, कुठे, कोणासमोर काय बोललं ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

सहावी पायरी: उत्तर आलं नाही तर

सरकारी किंवा अनुदानित आस्थापना असेल तर तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, कलम २३ प्रमाणे. त्याने तक्रारींचं रजिस्टर ठेवायचं आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. कोण आहे हा अधिकारी, हेच बहुतेक कार्यालयांत कोणाला सांगता येत नाही. तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व पदनाम, समान संधी धोरणाची प्रत, तक्रार रजिस्टरची प्रत, एवढंच मागा. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून गाऱ्हाणं त्यात लिहू नका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून समाधान झालं नाही तर पुढे दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात तिची चौकशी करा.

खासगी आस्थापनेच्या बाबतीत, आणि सरकारी ठिकाणीही दाद लागली नाही तर, तक्रार आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे यांच्याकडे. टपालाने पाठवता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधितांनी तीन महिन्यांत कारवाई करायची किंवा का करत नाही ते कळवायचं असतं. शिफारस म्हणजे हुकूमनामा नव्हे, हे आधीच माहीत असलेलं बरं. तरी तिला वजन आहे, आणि पुढे हायकोर्टात जायची वेळ आली तर तीच तुमच्या बाजूचा कागद होते. अहेरीहून पुण्याला सुनावणीला जाणं सोपं नाही. म्हणून तक्रारीतच लिहा की दिव्यांगत्वामुळे आणि अंतरामुळे सुनावणी व्हिडिओद्वारे घ्यावी.

मुदती मात्र सांभाळा. खासगी शाळेतल्या कायम कर्मचाऱ्याला काढलं असेल तर शाळा न्यायाधिकरणात अपील आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं नागपूर खंडपीठ, तिथे सर्वसाधारण मुदत एक वर्षाची. आयुक्तांकडे तक्रार चालू आहे म्हणून ही घड्याळं थांबतात असं धरू नका.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर

हा भाग प्रत्येक एसटी डेपोत, खाणीत आणि वीज कंपनीच्या उपकेंद्रात लावून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

अपघातात पाय गेला, नजर अधू झाली, मधुमेहाने पाय कापावा लागला, मानसिक आजार जडला. अशा वेळी सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदावनतही करता येत नाही. कलम २०, उपकलम ४. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत आणि सेवेच्या त्याच लाभांसह दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पद निर्माण करून त्याला त्यावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत. ठरावीक आस्थापनांना सरकार अधिसूचना काढून यातून सूट देऊ शकतं, सशस्त्र दलांतल्या लढाऊ पदांना तशी दिली आहे. एसटीच्या चालकाचा किंवा जिल्हा परिषदेच्या शिपायाचा त्याच्याशी संबंध नाही. शेजारच्या तेलंगणात परिवहन महामंडळाने रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून एका चालकाला घरी बसवलं होतं. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पर्यायी काम द्यायला लावलं.

अशा घरात काय घडतं ते सांगतो. माणूस दवाखान्यात असतो. कार्यालयातला कोणीतरी फळं घेऊन येतो आणि सोबत एक छापील अर्ज असतो. "भाऊ, तुम्हाले आता काय जमनार हाय, इथं सही करा, पैसे लवकर निघतीन, पोराचंही पाहू." तो अर्ज स्वेच्छानिवृत्तीचा असतो. बायको घाबरलेली, दवाखान्याचं बिल वाढलेलं, आणि सही होते. एकदा स्वखुशीने सोडली असं कागदावर आलं की कलम २० चा आधार घेणं फार कठीण होतं. म्हणून घरच्यांनी आधीच ठरवून ठेवा: दवाखान्याच्या खाटेवर कशावरही सही करायची नाही. त्याऐवजी आपणच पर्यायी कामाचा अर्ज द्यायचा, वर सांगितल्याप्रमाणे, पोचसकट.

भरती आणि बढती

सरकारी भरतीत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. अंध-अल्पदृष्टी एक टक्का, कर्णबधिर एक टक्का, अस्थिव्यंग आणि त्यासोबत कुष्ठमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्लापीडित वगैरे एक टक्का, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया या आरक्षणाच्या यादीत नाहीत, फक्त दिव्यांगत्वाच्या यादीत आहेत. गडचिरोली-गोंदियाच्या तरुणांचं यात नुकसान होतं. भरतीचा फॉर्म भरताना हे पाहूनच रकाना निवडा. खोटा दाखला जोडून जागा मिळवली तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दिव्यांग आहे म्हणून सरकारी आस्थापनेत बढती नाकारता येत नाही. हे कलम २० मध्येच आहे.

अपमान झाला तर

मघाशी जे कलम सांगतो म्हणालो, ते हे: कलम ९२. चारचौघांत, लोकांना दिसेल अशा ठिकाणी, दिव्यांग माणसाला हिणवण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमानित केलं किंवा धमकावलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे कलम मालकाला लागू आहे, सहकाऱ्याला आहे, वावराच्या धन्याला आणि ठेकेदारालाही आहे. लंगड्या, आंधळ्या, येडा ही आपल्याकडे नावंच पडून जातात, आणि बोलणारा म्हणतो "आम्ही तर लाडानं म्हणतो." सगळ्यांसमोर खिजवायला म्हटलं असेल तर ते लाडाचं नाही. साक्षीदारांची नावं लिहून घ्या आणि पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. ठाणेदाराला हे कलम माहीत नसण्याची शक्यता आहे, म्हणून त्याची छापील प्रत सोबत न्या. हा खटला जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात चालतो. इतर कलमांच्या भंगाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे.

वकील परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. पगार चालू आहे म्हणून मिळणार नाही, असं कोणी सांगितलं तर कलम दाखवा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. जाताना ओळखपत्र किंवा दाखला, नेमणुकीचा आदेश, आणि ती फाइल, पोच दिलेल्या प्रतींसकट, घेऊन जा. पहिल्या भेटीत वकील हेच मागतात. पोच वर असेल अशी फाइल लावा, तारखेच्या क्रमाने, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.